कपड्यांच्या खोलीची किल्ली

बाई,

आधी घडले ते क्रमाने लिहिते. रुग्णाची हकीगत सांगताना वस्तुस्थिती आधी आणि मत शेवटी, हे तुम्हीच शिकवलेत. ती शिस्त मी आजही मोडणार नाही.

पहिली गोष्ट. वाशीमच्या ज्या परिचर्या महाविद्यालयात मी निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा शिकवायला जाते, तिथल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या हाताखाली, ती अंग पुसून देत असताना, एक वृद्ध रुग्ण दगावला. दुसरी. ती मुलगी वॉर्डात, इतर रुग्णांच्या देखत रडू लागली. तिसरी. मी तिला बाजूला घेतले आणि एक शब्दही न बोलता कपड्यांच्या खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, तुम्ही माझ्या हातावर ठेवली होती तशीच. चौथी. बऱ्याच वेळाने मी तपासायला गेले, तेव्हा धुऊन आलेल्या चादरींच्या गाठोड्याची गाठही सुटलेली नव्हती आणि ती त्याच गाठोड्याला टेकून झोपली होती. पाचवी. त्याच दिवशी मी प्राचार्यांना सांगितले की ही मुलगी या व्यवसायाला योग्य नाही, तिला परिचारिकेची टोपी देण्याआधीच घरी पाठवावे. माझी शिफारस तिथे सहसा डावलली जात नाही. सहावी. काल त्या मुलीची आजी माझ्या घरी आली. सातवी गोष्ट लिहिताना माझा क्रम अडखळतो. तिने मला सांगितले की ती किल्ली घड्या घालण्यासाठी कधीच नव्हती.

ही आजी म्हणजे आसेगाव. तुम्हाला आठवेल. आमच्या तुकडीत एकाच नावाच्या इतक्या मुली होत्या की पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांची नावे बाजूला ठेवलीत आणि प्रत्येकीला तिच्या गावाने हाक मारू लागलात. ती आसेगाव, तिच्या शेजारच्या खाटेवरची मानोरा, आणि मी रिठद. "स्वतःचे नाव खराब करायला माणूस कचरत नाही," तुम्ही म्हणाला होतात, "गावाचे करताना थोडा विचार करतो." आम्ही मुलीही एकमेकींना तशाच हाका मारू लागलो, आणि इतक्या वर्षांनंतर आजही आसेगाव मला रिठदच म्हणते. ते गाव मी सोडल्याला जन्म उलटला. तुम्ही दिलेले नाव मात्र कोणत्याही पदवीने पुसले गेले नाही.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा एक तालुका होता, आणि गावाबाहेरच्या त्या बैठ्या, कौलारू रुग्णालयाला जोडून आपली प्रशिक्षण शाळा होती. विहिरीचा तळ दिसायचा. तरीही तुमच्या वॉर्डातल्या चादरी निळीतून निघाल्यासारख्या शुभ्र असायच्या आणि खाटेच्या कोपऱ्यांवर त्यांच्या घड्या पाकिटाच्या तोंडासारख्या बसायच्या. तुम्ही आमच्या ट्यूटर होतात, पण मेट्रनपेक्षा आम्ही तुम्हालाच भ्यायचो. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून काढताना चिमटा किती तिरपा धरायचा, जखम आतून बाहेर का पुसायची, डॉक्टरांनी तोंडी आदेश दिला तर तो त्यांना परत म्हणून का दाखवायचा, हे तुम्ही एकदाच सांगायचात. "ऐकलेला आदेश आणि दिलेला आदेश एकच आहे, याची खात्री करणे हे परिचारिकेचे काम," असे तुमचे वाक्य होते. ते मी नंतर शिकवलेल्या प्रत्येक वर्गात, पहिल्याच तासाला, फळ्यावर लिहिले.

तुमची एकदा खाल्लेली बोलणी मी अजून विसरलेले नाही. वर्गात तुम्ही मला काही विचारलेत आणि मी घाईत "मले वाटलं" असे म्हणून गेले. रिठदला सगळे तसेच बोलत. तुम्ही खडू खाली ठेवलात. "परिचारिकेचा गणवेश जसा इस्त्रीचा असतो, तशी तिची भाषाही असावी," एवढेच म्हणालात आणि तास संपेपर्यंत मला दाराबाहेर उभे केलेत. त्या दिवसापासून मी ती भाषा तोंडात येऊ दिली नाही. आई वारली तेव्हा तिच्या उशाशी बसूनही मी तिच्याशी शुद्ध बोलले. मला त्याचा अभिमान होता. आहे, असे लिहिणार होते.

आणि तो दिवस. दुपारची वेळ, उन्हाने वऱ्हांड्याची फरशी तापलेली. मानोरा गावाच्या बाजूच्या एका तांड्यावरून एका बाईला बैलगाडीत घालून आणले होते. बाळंतपण वाटेतच झाले होते, बाळ सासूच्या लुगड्यात गुंडाळलेले होते आणि रडत होते, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी तिच्या पायथ्याशी उभी आहे. तुम्ही सांगता तसे पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळते आहे, खाटेचा पायथा विटांवर उचलला आहे, डॉक्टर शीर शोधताहेत. ती पाणी मागते आहे. तोंडाने काही द्यायचे नाही, म्हणून मी कापसाचा बोळा भिजवून तिचे ओठ ओले करते, आणि ती तो बोळा ओठांनी धरून ठेवते. मी एकही पायरी चुकवलेली नाही. नंतर वर्गात तुम्ही स्वतः ते सगळ्यांसमोर सांगितलेत. तरीही ती गेली. मी बोळा सोडवून घेतला आणि वळले, तेव्हा माझ्या हातातला एनॅमलचा ट्रे पडला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. "रिठद," तुम्ही म्हणालात, "आधी ट्रे उचल." मी उचलला. मग तुम्ही कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली काढलीत, माझ्या हातावर ठेवलीत आणि रुग्णाच्या सासूकडे वळलात. मी रडले नाही. किल्ली कशाची आहे हे मला ठाऊक होते. मी कपड्यांच्या खोलीत गेले. वर एक लहानशी खिडकी, फिनेलचा आणि चादरींमध्ये घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास, जमिनीवर धोब्याकडून आलेली गाठोडी. मी अर्थ लावला: माझा हात सुटला, म्हणून हाताला काम दिले आहे. मी सगळे कपाट रिकामे केले आणि पुन्हा लावले. मोठ्या चादरी खाली, खाटेवर आडव्या घालायच्या ड्रॉशीट मधल्या फळीवर, उशांचे अभ्रे वर, प्रत्येक घडीची कड आत आणि रुग्णालयाचा शिक्का बाहेर. संध्याकाळी तुम्ही आलात. कपाटाकडे पाहिलेत, मग माझ्याकडे, मग पुन्हा कपाटाकडे. "सुरेख," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून माझ्या वाट्याला आलेला हा एकच चांगला शब्द, आणि बाई, मी त्यावर एक आयुष्य उभे केले.

ही अतिशयोक्ती नाही. मी नागपूरला पदवी घेतली, दिल्लीला पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथे असतानाच, ते दशक सरण्याआधी, तुम्ही गेल्याची तार मला मिळाली. त्यानंतर मी जिथे जिथे शिकवले तिथे तिथे कपड्यांच्या खोलीची किल्ली स्वतःजवळ ठेवली. मुलगी कोसळली की मी तिला किल्ली द्यायची आणि नंतर कपाट तपासायची. ज्या मुलीच्या घड्या सरळ आल्या ती टिकली, जिच्या वाकड्या आल्या तिच्यावर मी लक्ष ठेवले. परिषदांमधून मी यावर बोलले आहे. "दुःख झाले की हातांना अचूक काम द्या, मन हातांच्या मागून येते, हे मला माझ्या गुरूंनी एका किल्लीने शिकवले," असे मी म्हणायची, आणि सभागृहे शांतपणे ऐकायची. तुमचे नाव मी कधी घेतले नाही, पण त्या वाक्यात तुम्ही उभ्या असायचात.

आता कालची हकीगत. दुपारी दार वाजले. आसेगाव दारात उभी होती, अंगाने भरलेली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात छत्री. आरोग्य खात्यात मोठ्या हुद्द्यापर्यंत चढून ती निवृत्त झाली, वाशीमला तिचे दुमजली घर आहे, आणि आवाज अजूनही वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल असा आहे.

"काय वं रिठद," ती म्हणाली, "घर का दवाखाना हाये हा? चप्पल तरी कुठं काढू, भेव वाटते."

"बाहेर काढ आणि आत ये. पाणी आणते."

"पानी नोको. आधी हे सांग, माया नातीनं काय केलं?"

पालकांना सांगतात तसे, स्वर न चढवता, मी तिला सांगितले. तिच्या नातीवर एक काम सोपवले होते आणि ते तिने केले नाही.

"कोनतं काम?"

"कपाट लावण्याचे. मी तिला किल्ली दिली होती."

"किल्ली देल्ली." ती हसली. "हे बरं केलं तू. बाईची रीत चालवून राह्यली. मंग? चाहा कधी नेला तिले?"

"कसला चहा?"

तिचे हसणे थांबले. छत्री तिने भिंतीला टेकवली, ती घसरून पडली, आणि ती उचलायचे दोघींपैकी कोणालाच सुचले नाही.

"मजाक करून राह्यली का तू?" ती म्हणाली. "पोट्टी दुपारभर वाट पाहून राह्यली तुई. घरी आली तं म्हने, आजी, मॅडमनं किल्ली देल्ली, पन त्या आल्याच नाई. रडून रडून झोप लागली तिले. म्याच सांगतलं होतं, कोन्या बाईनं कपड्याच्या खोलीची किल्ली देल्ली तं समजजो, ते रडाची जागा हाये. दार लोटून घेजो. बाई येते मांगून चाहा घेऊन."

आमच्या शाळेत असे काही नव्हते, हे मला तिला सांगायचे होते. पण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभ्या होतात, दुपारच्या उन्हात अंगण ओलांडणाऱ्या, हातात तो निळ्या काठाचा एनॅमलचा कप, त्यावर झाकलेली बशी. ते दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले होते. मला वाटायचे, तुम्हाला चालता चालता चहा घ्यायची सवय आहे. शिस्तीच्या बाईची एवढी एक बेशिस्त मी मनातल्या मनात माफही केली होती.

"तुले मालूमच नव्हतं?" आसेगावने विचारले. आता ती खालच्या आवाजात बोलत होती, आणि ते मला जास्त असह्य झाले.

मग तिने सांगितले. मानोरालाही किल्ली मिळाली होती, भाजलेल्या बाईची पट्टी बदलल्यावर. आणखी कितीतरी जणींना मिळाली होती. तुमची अट एकच असायची, की त्या खोलीतले त्या खोलीतच राहावे. म्हणून कोणी कोणाला काही सांगितले नाही, आणि जिला किल्ली मिळाली तिला ठाऊक आहे असेच प्रत्येकीने धरले. आसेगावला पहिल्यांदा किल्ली मिळाली ती कोणी मेल्यामुळे नव्हे. वॉर्डातल्या एका म्हातारीने तिच्या हातचे पाणी नाकारले होते. "ह्या पोरीच्या हातचं नोको," म्हातारी मोठ्याने म्हणाली होती, आणि आजूबाजूच्या खाटांवरून कोणी काही बोलले नव्हते. आसेगावच्या घरी बुद्धवंदना व्हायची, हे त्या वॉर्डात न विचारता सगळ्यांना ठाऊक होते.

"म्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबला," आसेगाव सांगत होती. "मंग बाई आल्या. गाठोड्यावर बसल्या, माया बाजूले, खेटून. म्हने, काहून रडून राह्यली वं? म्या म्हनलं, तुमाले मालूम हाये. तं म्हने, हो, मले मालूम हाये. कप मले देल्ला. अर्धा चाहा म्या पेला. उरलेला, त्याच कपातनं, बाईनं पेला. मंग म्हने, आता डोये पूस, आन् त्याच बुढीले पानी घेऊन जाय. नाई म्हनली तं पेला तिथंच ठेवजो, आन् उभी राहजो. तहान लागन तवा पेईन."

"प्यायली?"

"पेली ना. तोंड वाकडं करून पेली. म्या बी तोंड वाकडं करून पाजलं."

बाई, यात मला नेमका कशाचा धक्का बसला ते सांगते, कारण इथेही क्रम महत्त्वाचा आहे. तुम्ही गाठोड्यावर बसायचात, हा पहिला. धुतलेल्या कपड्यांवर बसलेली मुलगी दिसली तर तुम्ही तिला संपूर्ण गाठोडे पुन्हा धुवायला लावायचात. तुम्ही एका कपातून चहा प्यायलात, हा दुसरा. कारण तेव्हाच्या वाशीममध्ये त्याचा अर्थ काय होता, हे मला माझ्या स्वतःच्या घरावरून पुरते ठाऊक आहे. रिठदच्या आमच्या घरी मळ्यात राबणाऱ्यांचे कप गोठ्याच्या वळचणीला उपडे ठेवलेले असायचे. आणि तिसरा, जो सगळ्यांत लहान आहे आणि ज्यातून मी अजून बाहेर आलेले नाही: तुम्ही तिच्याशी वऱ्हाडी बोललात. काहून. राह्यली. मले. ज्या शब्दासाठी तुम्ही मला दाराबाहेर उभे केलेत, तोच शब्द त्या दाराच्या आत तुमच्या तोंडी होता.

"मला तर कपाट लावायचे होते," मी म्हणाले. माझा आवाज मला एखाद्या तक्रारखोर विद्यार्थिनीसारखा वाटला.

"कोनं सांगतलं तुले?"

कोणीच सांगितले नव्हते. तुम्ही एक शब्दही बोलला नव्हतात.

आसेगाव खाली वाकली आणि पडलेली छत्री तिने उचलली. मग ती जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण त्यातला एकही शब्द बदलण्याचा अधिकार मला नाही.

"तुया वेळी बी बाई आल्या होत्या वं. कप घेऊन. म्या वऱ्हांड्यात पट्ट्या गुंडाळून राह्यली होती, म्हनून दिसलं मले. दार तू लोटलंच नव्हतं. तू पाठमोरी, घड्या घालून राह्यली, घालूनच राह्यली. बाई दाराशी उभ्या. लय वेळ उभ्या. मले वाटलं आता आत जातीन. नाई गेल्या. परत फिरल्या, माया जवय आल्या, आन् म्हने, घे, निवून जाईन. तुया वाट्याचा चाहा म्या पेला, रिठद. मले वाटलं, तुले नोको होता."

ती गेल्यावर मी चहा केला नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि परत आले. माझ्या घरात सगळे जागच्या जागी असते. चादरी कपाटात कड आत, घडी बाहेर. ते कपाट मी उघडले आणि त्याच्याकडे पाहत बसले, आणि मला पहिल्यांदा असे वाटले की हे कोणी मला करायला सांगितले नव्हते.

तुमच्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी योग्य शब्दांत मांडते. आदेश स्पष्ट असावा, तो घेणाऱ्याने परत म्हणून दाखवावा, हा नियम तुमचा. तुम्ही मला शब्दाविना आदेश दिलात, तो मी परत म्हणून दाखवू शकत नव्हते. मी तो चुकीचा पाळते आहे हे तुम्ही दारात उभ्या राहून पाहिलेत, आणि दुरुस्त केला नाहीत. उलट संध्याकाळी येऊन त्यावर "सुरेख" म्हणालात. कोणत्याही परीक्षेत मी अशा ट्यूटरला माफ केले नसते. पट्टी उलटी बांधणाऱ्या विद्यार्थिनीला शाबासकी देऊन पुढे गेलेल्या शिक्षिकेला मी नोकरीवर ठेवले नसते. तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून मी किती मुलींना गाठोड्यांसमोर एकटे सोडले, त्याला तुम्ही जबाबदार आहात की मी, हे ठरवण्याइतकी शांत मी आज नाही. म्हणून ते ठरवत नाही.

आज सकाळी महाविद्यालयात गेले. प्राचार्यांना सांगितले की त्या मुलीबाबतची शिफारस मी मागे घेते, तिला राहू द्यावे. त्यांनी कारण विचारले. "काम सोपवताना सूचना अपुरी होती," मी म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटले असावे. माझी सूचना अपुरी असल्याचे त्यांनी याआधी ऐकलेले नाही. मग मी वॉर्डात गेले. ती मुलगी औषधांची ट्रॉली पुसत होती. मला पाहून तिने फडके मागे लपवले.

"आसेगाव," मी हाक मारली.

तिने मागे वळून पाहिले, दुसरे कोणी आहे का म्हणून. "मी वाशीमची आहे, मॅडम," ती म्हणाली. "आसेगाव आजीचं."

"ठाऊक आहे. ही घे." मी किल्ली पुढे केली.

तिचा चेहरा उतरला. "आज घड्या घालते, मॅडम. सगळ्या घालते. शिक्का बाहेर ठेवते. त्या दिवशी मला..."

"घड्या घालायच्या नाहीत. जाऊन बस."

उपाहारगृहातून मी चहा घेतला. निळ्या काठाचे कप आता कुठेच मिळत नाहीत. कागदाचा पेला होता, त्याने बोटे भाजत होती, आणि वऱ्हांड्यात दोघी-तिघी परिचारिका माझ्याकडे वळून पाहत होत्या. मॅडम हातात चहा घेऊन चाललेल्या त्यांनी कधी पाहिल्या नसाव्यात. मी त्या खोलीच्या दाराशी पोचले आणि थांबले. मला आत जाता येईना. काय बोलायचे, कुठे बसायचे, किती जवळ बसायचे, याचे मला कोणतेही शिक्षण नाही. मी परत फिरलेही असते. पण ती गाठोड्यावर बसली होती दाराकडे तोंड करून, आणि दाराकडेच पाहत होती.

"आल्या तुम्ही," ती म्हणाली.

मग मला जावेच लागले. मी गाठोड्यावर, तिच्या शेजारी, थोडे अंतर ठेवून बसले. तिने एक घोट घेतला.

"मॅडम, याच्यात साखर नाही."

"मी साखर घेत नाही."

"पण हा चहा माझा आहे ना?"

मी उठून साखर आणली. परत आले तोवर तिचे डोळे भरून वाहत होते. पेला तिने दोन्ही हातांत धरला होता. त्या म्हाताऱ्याबद्दल ती बोलू लागली. पुसताना त्याने तिचे मनगट धरले होते आणि ते सोडले नाही, तिलाच ते सोडवून घ्यावे लागले. मी ऐकले. मध्येच तिने मला विचारले, "तुमच्या हातून पण असं कोणी गेलं का, मॅडम?" मला कापसाचा तो बोळा आठवला. मी म्हणाले, "हो. मले बी सोडवून घ्यावं लागलं होतं." शब्द निघून गेल्यावर कळले की ते कोणत्या भाषेत निघाले. ती हसली नाही. गणवेशाच्या बाहीने डोळे पुसून पेला माझ्याकडे करत एवढेच म्हणाली, "तुम्ही पण घ्या ना थोडा." मी घेतला. फार गोड होता.

म्हणजे अर्धे उत्तर मला मिळाले आहे. जिचे तोंड दाराकडे असते तिच्याजवळ जाता येते, माझ्यासारखीलाही जाता येते. उरलेले अर्धे तुमच्याकडे आहे, आणि ते मागण्यापूर्वी या पत्रातली एक नोंद दुरुस्त करणे भाग आहे. चुकलेली नोंद पुसायची नाही, गिरवायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे आणि शेजारी सही हवी, हेही तुमचेच. वर, ट्रे उचलल्यानंतरच्या मजकुरात, "मी रडले नाही" असे मी लिहिले आहे. त्यावर मी आत्ता रेघ मारली आणि सही केली. खोलीत शिरल्यापासून माझे डोळे थांबत नव्हते. पहिल्या काही चादरी ओल्या झाल्या, त्या मी सगळ्यांत खाली घातल्या. तुमच्या चपलांचा आवाज मला वऱ्हांड्याच्या टोकापासून ओळखता यायचा. तो मी ऐकला. तोपर्यंत माझे तोंड दाराकडे होते. मी पाठ फिरवली ती त्यानंतर.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, मी पाकीटही आणलेले नाही. तरी प्रश्न नियमाप्रमाणे विचारते. दारात उभ्या असताना माझी पाठ पाहून तुम्हाला कळले होते का? कळले असेल तर चहा घेऊन परत का गेलात, आणि कळले नसेल तर संध्याकाळी माझ्याकडे आणि मग पुन्हा कपाटाकडे पाहून तुम्ही "सुरेख" नेमके कशाला म्हणालात? तोंडी उत्तर मी स्वीकारणार नाही. लेखी कळवावे.

रिठद